पूल ओलांडला की लायसन्स बदलतं: शेजारच्या राज्यातला कॉन्ट्रॅक्टर घेण्याआधी

आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार हे ठरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या छोट्या टॉयलेटचं पूर्ण बाथरूम करून घ्यायचं आम्ही मनावर घेतलं. बाबांच्या गुडघ्यांना रोज जिना झेपला नसता. आमचं घर मध्य न्यू जर्सीत. तीन कोटेशनं आली. दोन इथल्याच कॉन्ट्रॅक्टरांची, २७-२८ हजार डॉलरची. तिसरं डेलावेअर नदीपलीकडून, पेनसिल्व्हेनियातून, १९ हजारांचं. त्याचं नाव मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघातिघांनी सुचवलेलं, केलेल्या कामांचे फोटो सुंदर, बोलणं आपुलकीचं. आम्ही ५,००० डॉलरचा चेक दिला.

आठवड्याने त्याचा फोन आला. "भाभी, परमिट आप अपने नाम से निकाल लो. जल्दी मिलेगा, पैसे भी बचेंगे." मी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कन्स्ट्रक्शन ऑफिसात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म चाळला आणि विचारलं, काम कोण करणार आहे? मी नाव सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न, त्याचा 'तेरा-व्हीएच' नंबर काय? तो काय असतो हेच मला माहीत नव्हतं.

तो न्यू जर्सीच्या नोंदणीचा नंबर, आणि त्याच्याकडे तो नव्हताच. पेनसिल्व्हेनियाची नोंदणी होती, चालू होती, खरी होती. पण माझं घर न्यू जर्सीत होतं आणि इथे त्या नोंदणीला काडीचीही किंमत नव्हती. काम सुरू झालं नाही. अडीच महिने फोन करून ५,००० पैकी साडेतीन हजार परत मिळाले. उरलेले 'मटेरियल मागवलं होतं' या कारणाखाली गेले ते गेले.

त्यानंतर या विषयात मी जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. सध्या त्याला निमित्तंही बरीच आहेत. २०२४ च्या शरद ऋतूत हेलीन आणि मिल्टन ही चक्रीवादळं फ्लोरिडावर आली, २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आगींत हजारो घरं गेली. अशा प्रत्येक संकटामागून परराज्यातले कॉन्ट्रॅक्टर ट्रक घेऊन दाखल होतात. आणि न्यू जर्सीने २०२४ च्या जानेवारीत आपला घरदुरुस्तीचा कायदाच बदलायला घेतला.

आपल्याला हा प्रश्न सुचत का नाही

पुण्या-मुंबईत फ्लॅटचं काम काढताना आपण काय विचारतो? आधी कुणाकडे काम केलंय, मिस्त्री कुठला, टाइल्स कोण आणणार, ॲडव्हान्स किती. सोसायटीकडून एनओसी घेतो, लिफ्ट वापरायचे पैसे भरतो. 'तुमचं लायसन्स दाखवा' असं फर्निचर किंवा बाथरूम करणाऱ्या माणसाला कुणीच म्हणत नाही, कारण तशी सक्तीच नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदारांची नोंदणी असते, पण ती सरकारी कामांच्या टेंडरसाठी. वायरिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर लागतो, मुंबईत पालिकेचा परवानाधारक प्लंबर असतो, इतपतच आपली ओळख.

त्यामुळे अमेरिकेत घर घेतल्यावरही आपली पारख तीच राहते: ओळखीतून आलेला माणूस, फोटो, भाव. यात चूक काही नाही, ओळखीतून आलेला माणूस खरोखरच बहुधा चांगला असतो. फक्त इथे त्या पारखीच्या आधी एक पायरी आहे आणि ती कुणी आपल्याला दाखवलेली नसते.

रिक्षाचं परमिट

पुण्यातला रिक्षावाला घ्या. त्याच्याकडे गाडी चालवण्याचं लायसन्स असतं. ते देशभर चालतं. तो मुंबईला गेला, कोल्हापूरला गेला, तरी गाडी चालवता येते हे सिद्धच आहे. पण त्याच्या रिक्षाचं परमिट पुण्याच्या हद्दीचं असतं. ती रिक्षा घेऊन अंधेरी स्टेशनबाहेर तो भाडं घेऊ शकत नाही. त्याला रिक्षा नीट चालवता येते का, याच्याशी त्या परमिटाचा संबंध नाही. या हद्दीत धंदा करताना काही बिघडलं तर त्याला जाब कोण विचारणार, हे परमिट ठरवतं.

अमेरिकेतलं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स हे या रिक्षाच्या परमिटासारखं आहे. आपण मात्र त्याला ड्रायव्हिंग लायसन्स समजून बसतो. अमेरिकेत घर दुरुस्त करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचं लायसन्सच नाही. डॉक्टर, वकील, न्हावी यांच्याप्रमाणेच हाही विषय राज्यांच्या हातात आहे, आणि काही राज्यांनी तो पुढे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहराकडे सोपवलाय. कॉन्ट्रॅक्टर राहतो कुठे, त्याची कंपनी कुठे नोंदलेली आहे, करारावर सही कुठे झाली, याने फरक पडत नाही. ज्या जमिनीवर घर उभं आहे त्या जमिनीचं राज्य कोणतं, एवढंच बघायचं.

तीन शब्द, तीन वेगवेगळ्या गोष्टी

बोलताना लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि परमिट हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. इथून पुढे परमिट म्हणजे अमेरिकेतलं बांधकामाचं परमिट, रिक्षाचं विसरा.

लायसन्स म्हणजे राज्याने त्या माणसाचा अनुभव तपासला, बहुतेक ठिकाणी परीक्षा घेतली आणि मग त्याला धंद्याची परवानगी दिली. रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी. त्याने नाव-पत्ता, विमा वगैरे कागद दिले, फी भरली आणि यादीत त्याचं नाव आलं. त्याला टाइल बसवता येते का, हे कुणी तपासलेलं नसतं. पेनसिल्व्हेनियाची नोंदणी अशीच आहे. ती राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे होते, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या खात्याकडे.

परमिट या दोन्हींपासून वेगळं. ते माणसाला मिळत नाही, कामाला मिळतं. या पत्त्यावर, हे काम, या आराखड्याप्रमाणे करायला हरकत नाही असं टाउनशिप किंवा शहर लिहून देतं, आणि मग मधल्या टप्प्यांवर त्यांचा इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. भिंतीआड गेलेलं प्लंबिंग आणि वायरिंग पुन्हा कुणाला दिसणार नसतं, म्हणून भिंत बंद होण्याआधीची ती भेट महत्त्वाची.

शेजारी-शेजारी राज्यं, नियम अगदी वेगळे

न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते. तिचा नंबर १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो, तो करारावर हवा. काम ५०० डॉलरच्या वरचं असेल तर करार लेखीच हवा. नोंदणी नसताना जाणूनबुजून धंदा करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. २०२४ च्या नव्या कायद्याने या नोंदणीच्या जागी खरं लायसन्स आणायचं ठरवलंय. त्यासाठी वेगळं मंडळ आहे, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कामांच्या आकारानुसार त्याने बॉण्ड ठेवायचाय. बॉण्ड म्हणजे हमीदार कंपनीने दिलेली हमी: याने बुडवलं तर अमुक रकमेपर्यंत आम्ही भरू.

नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात घरदुरुस्तीचा ग्राहक संरक्षण कायदा २००९ च्या जुलैपासून लागू आहे. वर्षाला ५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची अशी कामं करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, मग तो त्या राज्यात राहो की बाहेर. म्हणजे उलटंही खरं: पेनसिल्व्हेनियात घर असलेल्याने न्यू जर्सीचा माणूस बोलावला तर त्याच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा नंबर हवा.

हडसन नदी ओलांडली की आणखी तिसरंच. न्यूयॉर्क राज्यात साध्या घरदुरुस्तीसाठी राज्याचं लायसन्स नाही. पण न्यूयॉर्क शहराचं आहे, नासाऊ, सफोक, वेस्टचेस्टर अशा काउंट्यांचं आपापलं आहे. क्वीन्समध्ये घर असेल तर शहराच्या ग्राहक आणि कामगार संरक्षण खात्याचं लायसन्स बघायचं, लाँग आयलंडवर असेल तर काउंटीचं. तिथे राज्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागत नाही, काउंटी बदलली की पुरे.

कॅलिफोर्निया या बाबतीत सगळ्यात कडक राज्यांपैकी एक. तिथे कॉन्ट्रॅक्टरांसाठी स्वतंत्र राज्य मंडळ आहे. २०२५ पासून मजुरी आणि मटेरियल मिळून १,००० डॉलरच्या आतलं, परमिट न लागणारं आणि मदतीला माणूस न ठेवता केलेलं किरकोळ काम सोडलं, तर लायसन्स लागतंच. घरदुरुस्तीच्या करारात सुरुवातीचा ॲडव्हान्स किती घ्यायचा तेही ठरलेलं आहे: एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे ६०,००० डॉलरच्या किचनलासुद्धा जास्तीत जास्त १,००० डॉलर. सॅन होजेतल्या माझ्या मावसबहिणीला मी माझ्या ५,००० च्या चेकबद्दल सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. शिवाय बिनलायसन्सच्या माणसाला तिथे आपल्या कामाचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत, आणि घरमालक त्याला दिलेले पैसेही परत मागू शकतो.

टेक्सासमध्ये याच्या उलट. सर्वसाधारण कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स नाहीच. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीवाले यांना मात्र आहे. त्यामुळे डॅलस किंवा ह्यूस्टनमधल्या कुणाला 'मी लायसन्सवाला जनरल कॉन्ट्रॅक्टर आहे' असं ऐकायला मिळालं, तर 'कुठल्या राज्याचं?' हा प्रश्न ताबडतोब विचारावा.

'तिकडे लायसन्स आहे, मग इकडे का नको?'

हा आक्षेप मला रास्त वाटतो. पाइप दोन्ही राज्यांत सारखाच असतो. आणि काही राज्यांनी याचा विचारही केलाय. एकमेकांच्या परीक्षांना मान्यता देण्याचे करार आहेत. उदाहरणार्थ, ॲरिझोना, नेवाडा, लुइझियाना आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत लायसन्स असलेल्या माणसाला कॅलिफोर्निया काही कामांसाठी त्या त्या कामाच्या परीक्षेतून सूट देऊ शकतं.

पण हा करार नीट वाचायला हवा. सूट मिळते ती एका परीक्षेतून. अर्ज, कायदा-व्यवहाराची परीक्षा, बॉण्ड, फी हे सगळं बाकी राहतं, आणि शेवटी कॅलिफोर्नियाचं स्वतंत्र लायसन्स मिळाल्यावरच काम करता येतं. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याला काही विषयांतून सूट मिळते, तसं हे आहे. प्रवेश नव्याने घ्यावाच लागतो. म्हणून कॉन्ट्रॅक्टर 'आमच्या राज्याचा तुमच्या राज्याशी करार आहे' म्हणाला, तर एवढंच म्हणावं: छान, मग इथला नंबर द्या.

राज्यं इतकी हटून का बसतात? स्थानिक कॉन्ट्रॅक्टरांना बाहेरच्यांची स्पर्धा नको असते, हे एक कारण नक्की असणार, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घरमालकाच्या बाजूने बघितलं तर दुसरं कारण जास्त वजनदार आहे. राज्याचा हात राज्याच्या हद्दीपर्यंतच पोचतो. न्यू जर्सीचं खातं न्यू जर्सीची नोंदणी रद्द करू शकतं, पेनसिल्व्हेनियाची नाही.

'काम चांगलं झाल्याशी मतलब!'

काम चांगलं झालं तर खरोखरच कुणी काही विचारत नाही. हे सगळं कामाला येतं ते बिघडल्यावर, म्हणून बिघडलेल्या कामाचा प्रवास जरा सावकाश बघू.

समजा कॉन्ट्रॅक्टरने अर्धं काम टाकून दिलं. पहिली जागा म्हणजे लायसन्स देणारं खातं. त्याला लायसन्स गमवायचं नसतं, म्हणून खात्याचं एक पत्र पुष्कळदा वकिलापेक्षा लवकर काम करतं. पण ज्याचं इथे लायसन्सच नाही, त्याला गमवायचं काय?

दुसरी जागा भरपाईचा निधी. काही राज्यांनी कॉन्ट्रॅक्टरांकडून पैसे गोळा करून असा निधी उभारलाय. वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण तिथे पोटोमॅक नदीच्या एका काठावर मेरीलँड आणि दुसऱ्यावर व्हर्जिनिया. मेरीलँडचा हमी निधी एका घरमालकाला ३०,००० डॉलरपर्यंत नुकसान भरून देऊ शकतो. अट अशी, की कॉन्ट्रॅक्टरकडे मेरीलँडचंच लायसन्स हवं. व्हर्जिनियातही भरपाई निधी आहे, त्यालाही तिथलं लायसन्स लागतं. मेरीलँडमधल्या बेथेस्डातल्या घरासाठी व्हर्जिनियाचा उत्तम, अनुभवी, तिकडचं लायसन्स असलेला माणूस आणला, तर त्याने काम बिघडवल्यावर दोन्ही निधींची दारं बंद असण्याचा धोका आहे. एका निधीला त्याचं लायसन्स चालत नाही, दुसऱ्याच्या हद्दीत घर येत नाही.

तिसरी जागा कोर्ट. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय छोट्या दाव्यांच्या कोर्टात लावता येतो. इथला ग्राहक फसवणुकीचा कायदा घरमालकाच्या बाजूने भक्कम आहे, नुकसानीच्या तिप्पट रकमेपर्यंत नेतो. पण निकाल मिळाल्यावर वसुली करायची असते. समोरच्याचं बँक खातं, ट्रक, घर सगळं पलीकडच्या राज्यात असेल तर आपला निकाल तिथल्या कोर्टात नोंदवून घ्यावा लागतो आणि मग तिथल्या नियमांनी वसुली सुरू होते. राज्यघटनेप्रमाणे एका राज्याचा निकाल दुसऱ्याला मानावा लागतो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण दीड हजार डॉलरसाठी कोण करणार? मी नाही केलं.

आणि एक गोष्ट अशी, जी ऐकून मला स्वतःला धक्का बसला होता. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे चुकते केले. त्याने टाइल्सच्या दुकानाचे किंवा त्याच्या हाताखालच्या प्लंबरचे पैसे दिले नाहीत. अमेरिकेतल्या कायद्यांप्रमाणे तो दुकानदार किंवा प्लंबर तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढतो तसाच. घर विकताना किंवा कर्ज बदलून घेताना तो समोर येतो. या बोजाची कल्पना फार जुनी आहे, १७९१ साली मेरीलँडमध्ये आली, तेव्हा नवी राजधानी बांधायला कारागीर आणि व्यापारी उधारीवर राबावेत म्हणून. त्यामागचा विचार न्याय्य आहे, ज्याचे हात लागले त्याला पैसे मिळावेत. पण तुम्हाला दोनदा पैसे भरावे लागू नयेत यासाठी प्रत्येक हप्त्याच्या वेळी 'आमचे पैसे मिळाले, या घरावर आमचा बोजा नाही' असं कॉन्ट्रॅक्टर आणि त्याच्या हाताखालचे लोक या सगळ्यांकडून लिहून घ्यावं. राज्याबाहेरच्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्याच्या हाताखालचे प्लंबर, टाइलवाले आपल्या ओळखीतले नसतात.

'परमिट तुम्हीच काढा'

हे वाक्य ऐकलं की थांबावं. मी थांबले नाही, म्हणून सांगते.

घरमालकाला स्वतःच्या नावाने परमिट काढता येतं हे खरं आहे. ती सोय स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या घरमालकांसाठी आहे. त्या फॉर्मवर सही करताना आपण लिहून देतो की या कामाची जबाबदारी माझी. इन्स्पेक्शनमध्ये काही निघालं तर नोटीस आपल्याला येते. कुणी मजूर शिडीवरून पडला तर काही राज्यांत आपण त्याचे मालक मानले जाऊ शकतो.

कॉन्ट्रॅक्टर असं का सुचवतो? क्वचित खरोखर फी वाचते म्हणून. पण न्यू जर्सीत नोंदणी नसलेल्या कॉन्ट्रॅक्टरला टाउनशिपने परमिट द्यायचंच नसतं. त्याला खिडकीशी उभंच राहता येत नाही, म्हणून तो आपल्याला पाठवतो. त्या बाईंनी मला नंबर विचारला तेव्हा मला राग आला होता, सरकारी अडवणूक वाटली. आज वाटतं, त्या दिवशी माझ्या बाजूने विचार करणारी तिथे त्या एकट्याच होत्या.

'इन्शुरन्स आहे म्हणाला की'

दोन वेगळे विमे असतात. एक, त्याच्या हातून आपल्या घराचं नुकसान झालं तर. दुसरा, त्याच्या कामगाराला इजा झाली तर. दुसरा विमा राज्याराज्याने बदलतो. कामगार भरपाईच्या पॉलिसीवर ती कोणत्या राज्यांत लागू आहे हे लिहिलेलं असतं. पेनसिल्व्हेनियापुरती घेतलेली पॉलिसी न्यू जर्सीतल्या कामाला पुरेलच असं धरून चालता येत नाही. सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर मागू नका. विमा एजंटने ते थेट आपल्या ईमेलवर पाठवावं असं सांगा आणि त्यावर आपल्या राज्यातलं काम येतं का, हे एजंटलाच लेखी विचारा. यात कुणाला अपमान वाटायचं कारण नाही. ज्याचा धंदा नीट आहे त्याच्यासाठी हे रोजचंच काम असतं.

जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एक केंद्रीय कागदही आहे. १९७८ च्या आधी बांधलेल्या घरात शिसं असलेला रंग असू शकतो. तो खरवडला की धूळ उडते आणि लहान मुलांना तिचा सर्वांत जास्त धोका. अशा घरात रंग उकरणारं काम करणाऱ्या कंपनीकडे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं (ईपीए) प्रमाणपत्र हवं, २०१० पासून हा नियम आहे. हे एक प्रमाणपत्र मात्र राज्याची हद्द ओलांडून बऱ्याच ठिकाणी चालतं. काही राज्यं हा कार्यक्रम स्वतः चालवतात, तिथे त्यांचं वेगळं लागतं.

'लायसन्सवालेही फसवतातच की'

फसवतात. लायसन्स असलेल्या माणसाने बसवलेला शॉवर गळलेला मी पाहिलाय. लायसन्स ही कारागिरीची हमी आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या नोंदणीत तर कारागिरी तपासलेलीच नाही, हे वर सांगितलंच. पण बिनलायसन्सच्या माणसाने फसवल्यावर आपण आणि तो, एवढेच दोघं उरतो. लायसन्सवाल्याच्या बाबतीत मध्ये एक खातं असतं, बॉण्ड असतो, कुठे कुठे निधी असतो, आणि त्याच्याविरुद्ध आधी कुणी तक्रार केली असेल तर ती बहुतेक राज्यांत आधी बघताही येते.

'आपलाच माणूस आहे, त्याला कागद कसे मागायचे' हा संकोच मला फार जवळून माहीत आहे. मंडळाच्या गणपतीत ज्याच्याबरोबर आरती केली त्याला १३व्हीएच विचारणं जड जातं. पण त्याच्या बाजूनेही बघा. बिगरनोंदणीचं काम केल्याबद्दल दंड आणि गुन्हा त्याच्यावर येणार आहे. कॅलिफोर्नियात पैसे बुडणार आहेत. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर असताना विनालायसन्स काम घेतलं तर ते थेट गंभीर गुन्ह्यात जातं. त्याला नोंदणी करायला सांगणं हे त्याच्याही भल्याचंच आहे.

पलीकडचा माणूस घ्यायचाच असेल तर

राज्याबाहेरचा कॉन्ट्रॅक्टर टाळावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. नदीकाठच्या, हद्दीजवळच्या गावांत कित्येक चांगले लोक दोन-तीन राज्यांची कागदपत्रं ठेवून प्रामाणिकपणे काम करतात, आणि पलीकडे खर्च कमी असेल तर भाव खराही असू शकतो.

फक्त क्रम बदला. भावाच्या आधी, फोटोंच्या आधी, आपल्या घराच्या राज्याचा नंबर मागा आणि तो राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी शहराच्या किंवा काउंटीच्या. पाच मिनिटांचं काम आहे. बघताना नाव अक्षरशः जुळवा. लायसन्स एका कंपनीच्या नावावर, करार दुसऱ्या नावावर आणि चेक तिसऱ्याच माणसाच्या नावाने मागितलेला, हे फार वेळा होतं, आणि तक्रार करायची वेळ आली की तो घोळ आपल्यावर उलटतो. नोंदणी चालू आहे की मुदत संपलीय तेही तिथेच दिसतं. प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलसाठी न्यू जर्सीत वेगळी लायसन्सं आहेत, तेव्हा ते काम कोण करणार हेही विचारा. टेक्सासमध्ये तर तेवढंच बघायचं असतं, आणि बाकीचं सगळं करारावर आणि विम्यावर अवलंबून.

ॲडव्हान्स शक्य तितका कमी ठेवा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात मोठ्या कामांना एकतृतीयांशाची मर्यादा आहे, खास मागवायच्या वस्तूंचे पैसे वेगळे. आपल्या राज्यात मर्यादा नसली तरी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. आणि घरी येऊन करार केला असेल तर केंद्रीय नियमाप्रमाणे कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. सही करून रात्री झोप आली नाही, तर सकाळी उठून लेखी कळवावं.

आमचं बाथरूम शेवटी झालं. गंमत म्हणजे करणारा माणूस पेनसिल्व्हेनियाचाच होता, बक्स काउंटीतला. त्याच्या कोटेशनच्या पहिल्या ओळीत १३व्हीएच नंबर होता. भाव २४ हजार. परमिट काढायला तो स्वतः गेला आणि हातात येईपर्यंत त्याने एक टाइलही उचकटली नाही, न्यू जर्सीचा नियमच तसा आहे. शेवटचे ३,००० डॉलर मी घाईने त्याच दिवशी द्यायला निघाले होते, कारण आई-बाबांचं विमान चार दिवसांवर आलं होतं. तो म्हणाला, आत्ता नको, फायनल इन्स्पेक्शनचा कागद तुमच्या हातात आला की द्या. इन्स्पेक्टर गुरुवारी आला, शॉवरजवळचं एक स्विचबोर्ड उघडायला लावलं, आत टॉर्च मारून बघितलं आणि सही केली. चेक मी त्यानंतर लिहिला. शनिवारी बाबांनी तिथे अंघोळ केली.